मैदानी स्पर्धांचे निकाल आणि वर्तमानपत्र

फुटबॉलचा सामना पाहून घरी परतलेला मनुष्य तो सामना चार दिवस इतरांना सांगू शकतो. गोल कसा झाला, चेंडू कोणी अडवला, पंचाचा निर्णय कोठे चुकला, या गोष्टींना कथेचे रूप असते, आणि कथा तोंडातोंडी टिकते. शंभर मीटरच्या शर्यतीचे तसे नाही. ती अकरा-बारा सेकंदांत संपते. पाहणाऱ्याला एवढेच कळते की अमुक एक मुलगा पुढे होता. तो किती वेगाने धावला, गेल्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा तो सरस होता की उणा, दुसऱ्या तालुक्यातील मुलाशी त्याची गाठ पडली असती तर काय झाले असते, या प्रश्नांची उत्तरे डोळ्यांना मिळत नाहीत. ती घड्याळाने आणि मोजपट्टीने मिळतात, आणि कागदावर उतरली तरच शिल्लक राहतात. धावणे, उड्या आणि फेक या खेळांना, म्हणजेच ज्यांना आपण मैदानी स्पर्धा म्हणतो त्यांना, लेखी नोंदीवाचून भूतकाळच नसतो.

ही नोंद विसाव्या शतकात पुष्कळ अंशी वर्तमानपत्रांनी ठेवली. पुढे ती ठेवण्याचे काम त्यांनी हळूहळू सोडून दिले. हे जगात सर्वत्र घडले. तथापि त्याचा खरा तोटा मोठ्या शहरांपेक्षा पेडणे आणि डिचोली यांसारख्या तालुक्यांना अधिक झाला. तो कसा झाला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

सत्तरीतून चोर्ला घाट चढून गेले की बेळगाव लागते. या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक स्पर्धेत मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला धाडण्याची कल्पना आली, आणि त्या प्रयत्नातून जो लहानसा संघ युरोपात गेला त्यात चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत १९ वे आले. त्या धावण्याचे वर्णन करू शकेल असा साक्षीदार आज कोणी उरलेला नाही. उरला आहे तो आकडा. त्या आकड्यामुळेच आजचा एखादा तरुण धावपटू आपली तुलना एका शतकापूर्वीच्या बेळगावकराशी करू शकतो. फुटबॉलसारख्या खेळात पणजोबाच्या पिढीशी अशी थेट स्पर्धा करता येत नाही.

पाश्चात्य देशांतील वृत्तपत्रांनी या आकड्याचे मोल लवकर ओळखले होते. अमेरिकेतील दैनिकांत निकालांसाठी ‘अ‍ॅगेट’ नावाचा सुमारे साडेपाच पॉइंटांचा बारीक टाईप वापरीत. त्यात शाळा-महाविद्यालयांच्या शर्यतींचे निकाल नाव, क्रमांक आणि वेळ अशा क्रमाने छापले जात. त्यात वर्णन नसे, विशेषण नसे. केवळ नोंद असे. १९५० साली ब्रुसेल्स येथे युरोपीय स्पर्धांच्या वेळी काही हौशी अभ्यासकांनी एकत्र येऊन मैदानी स्पर्धांच्या आकडेशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. जगातील उत्कृष्ट कामगिरीच्या याद्या सिद्ध करणे हा तिचा उद्योग. त्या काळात असल्या याद्यांचा कच्चा माल म्हणजे देशोदेशीच्या वर्तमानपत्रांची कात्रणे. १९५४ च्या ६ मे रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला. त्या वेळी ध्वनिक्षेपकावरून ती वेळ जाहीर करणारे नॉरिस मॅकव्हर्टर हे स्वतः क्रीडा-पत्रकार होते, आणि पुढल्याच वर्षी आपल्या जुळ्या भावासह त्यांनी जागतिक विक्रमांचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. धावपटू, घड्याळ आणि वार्ताहर यांचे नाते इतके निकटचे होते.

गोमंतकात हे नाते उशिरा जुळले. पोर्तुगीज अमलातील गोव्याचे दोन भाग होते. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादी. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्याला जोडल्या गेलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी इत्यादी नव्या काबिजादी. जुन्या काबिजादींत पोर्तुगीज शिक्षण रुजले, आणि तेथील सुशिक्षितांसाठी १९०० सालच्या २२ जानेवारीस ‘ओ हेराल्दु’ हे पोर्तुगीज दैनिक निघाले. फुटबॉलही तेथेच रुजला. १८८३ साली बारदेशातील शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज धर्मगुरूंनी तो आणला असे मानले जाते. चर्च, शाळा आणि तिच्यापुढचे मैदान या तिन्हींच्या आश्रयाने तो गावोगाव पसरला. नव्या काबिजादींतील वाचक मात्र मराठीकडे पाहणारा होता. पोथी, भजन, कीर्तन आणि नाटक यांतून त्याची वाचनाची भाषा घडली होती. साळाझारच्या राजवटीत छपाईपूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती असल्यामुळे येथे मोकळे मराठी दैनिक उभे राहणे दुरापास्त होते. अशा स्थितीत पेडण्याच्या सड्यावर किंवा डिचोलीच्या मळ्यात कोण किती वेगाने धावला, याची नोंद होणार तरी कोठे?

१९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि १९६२ च्या २४ मार्चला पणजीहून बा. द. सातोस्कर यांच्या संपादकत्वाखाली ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झाले. १९६३ साली इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ निघाले आणि १९७० साली मराठी ‘नवप्रभा’. त्याच काळात १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर, जे जन्माने पेडण्याचे, त्यांच्या सरकारने खेड्यापाड्यांत मराठी शाळा उघडल्या. शाळा आली तसा क्रीडादिन आला, आणि पाठोपाठ तालुक्याच्या स्पर्धा आल्या. धावण्याची नोंद होण्यास लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, म्हणजे शर्यत भरविणारी शाळा आणि निकाल छापणारे दैनिक, गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्यांना एकाच दशकात मिळाल्या.

मैदानी खेळांत गोमंतकीयांना अभिमान वाटावा असा तो काळही होता. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदके मिळविणारे लेव्ही पिंटो हे आफ्रिकेत जन्मलेले गोमंतकीय कुळातील. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय महिला धावपटूंत मुंबईच्या मेरी डिसोझा होत्या. १९५४ साली मनिला येथे ४ × १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत मेरी आणि स्टेफी डिसोझा या दोघी होत्या. आणि १९६२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे पणजीला मराठी दैनिक सुरू होऊन आठच महिने झाले असता, मोंबासाच्या गोमंतकीय कुटुंबातील सेराफिनो आंताव यांनी पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियासाठी १०० आणि २२० यार्डांची दोन सुवर्णपदके जिंकली. यांतील बहुतेकांचे धावणे गोव्याबाहेर बहरले, ही गोष्ट खरी. तथापि गोमंतकीय पाय वेगात कोणास हार जाणारे नाहीत, एवढे त्यांनी सिद्ध केले.

त्या काळी तालुक्याच्या स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्रात कसा येई, हे आजच्या वाचकाला नवलाचे वाटेल. मैदानावर फक्कीने पट्टे आखलेले असत. अंतिम रेषेवर हातघड्याळे घेऊन तीन वेळ-नोंदणीकार उभे राहत. दोन घड्याळे जुळली तर ती वेळ धरावयाची, तिन्ही वेगळी पडली तर मधली, असा नियम. खेळाच्या शिक्षकाने ती वेळ वहीत उतरवावयाची, मुख्याध्यापकांनी सही करावयाची, आणि एक प्रत तालुक्याच्या वार्ताहराकडे द्यावयाची. हा वार्ताहर पुष्कळदा शिक्षकच असे. लिफाफा बसने पणजीकडे निघे. मांडवीवर पूल झाला तो १९७० साली; तोपर्यंत तो लिफाफा फेरीबोटीतून नदी ओलांडी, आणि छापून झालेले अंक त्याच नदीवरून उलट दिशेने परत येत. छापखान्यात जुळारी एकेक खिळा उचलून नाव, शाळा आणि आकडा जुळवी. आकडे जुळविणे हे किचकट काम, कारण एक खिळा चुकला तर विक्रम खोटा ठरे. एवढ्या खटाटोपानंतर पानाच्या कोपऱ्यात बोटभर मजकूर येई.

त्या बोटभर मजकुराची किंमत घरी मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा निराळी होती. प्रमाणपत्र एका मुलाचे असते. ते भिंतीवर लागते किंवा पेटीत जाते. त्यावर बहुधा ‘प्रथम क्रमांक’ एवढेच लिहिलेले असते, वेळ नसते. छापील निकाल मात्र सर्वांचा असतो. डिचोलीच्या मुलाची वेळ पेडण्याचा मुलगा वाचतो, आणि आपण कोठे आहोत हे त्याला कळते. केप्याचा शिक्षक ती वाचतो आणि आपल्या विद्यार्थ्यास तयार करतो. वेळ अविश्वसनीय वाटली तर कोणी पत्र लिहून विचारतो. अशा रीतीने ज्या मुलांनी एकमेकांना पाहिलेही नाही, ती एका अदृश्य शर्यतीत उतरतात. खेडेगावातील खेळाडूला हीच शर्यत घडवीत असते. कारण त्याच्या गावात त्याला हरविणारा कोणी नसतो, आणि हरविणारा नसला की सुधारणा थांबते.

ही व्यवस्था मोडली ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. तिची कारणे एकावर एक साचत गेली.

पहिले कारण गोव्याचे स्वतःचे आहे. डिचोलीच्या डोंगरांतील लोहखनिजाने या प्रदेशात नवी संपत्ती आणली. खाणउद्योगातील घराण्यांनी वृत्तपत्रे काढली आणि त्यांनीच फुटबॉलचे संघही पोसले. ‘गोमन्तक’ चौगुले यांचा. ‘नवहिंद टाइम्स’ आणि ‘नवप्रभा’ डेंपो यांची. डेंपो क्लब, साळगावकर क्लब ही नावे देशभर झाली, आणि डेंपो क्लबाची पाळेमुळे तर डिचोलीच्याच एका फुटबॉल क्लबात होती. त्या संघांनी गोव्याला कीर्ती दिली, यात शंका नाही. ज्या खेळाला प्रेक्षक आहे, आश्रयदाता आहे आणि आठवड्याला सामना आहे, तो क्रीडापानाचा स्वामी व्हावा हे स्वाभाविकच होते. धावपटूला ना क्लब होता, ना कंपनी. वर्षातून एकदोनदा येणाऱ्या स्पर्धेला पानावर हक्काची जागा राहिली नाही.

दुसरे कारण देशव्यापी आहे, आणि १९८३ हे वर्ष त्याची खूण म्हणून धरता येईल. त्या वर्षी जूनमध्ये भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच सुमारास गोव्याने संतोष करंडक प्रथम बंगालसह संयुक्तपणे आणि लगेच पुढल्या हंगामात एकट्याने जिंकला. ‘ओ हेराल्दु’ त्याच वर्षी पोर्तुगीज भाषा सोडून इंग्रजी दैनिक झाले. आदल्या वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली होती. मैदानी खेळांचे तेज तेव्हा मावळले नव्हते. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांचे पदक सेकंदाच्या एका शतांशाने हुकले तेव्हा सारा देश हळहळला. १९८६ साली सेऊल येथे त्यांनी चार सुवर्णपदके आणली तेव्हा आनंदला. परंतु हे सारे मोठ्या स्पर्धांचे. रोजच्या क्रीडापानावर मात्र क्रिकेट आणि फुटबॉल यांनी ठाण मांडले, आणि १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्यावर परदेशातील सामनेही येऊन बसले. तालुक्याचा निकाल मागे सरकत गेला.

तिसरे कारण छपाईच्या तंत्रात आहे, आणि ते मोठे विलक्षण आहे. जोवर आकड्याचा प्रत्येक खिळा हाताने उचलावा लागे, तोवर आकडे छापले गेले. संगणकाने हजार आकडे क्षणात बसविण्याची सोय केली, आणि आकडे नाहीसे झाले. कारण नव्या तंत्राने रंगीत छायाचित्र स्वस्त केले. पानाची रचना चित्राभोवती होऊ लागली. बारीक टाईप कुरूप ठरला. जाहिरातीने जागा घेतली. लंडन-न्यूयॉर्कच्या दैनिकांतही बारीक टाईपातील निकालांची पाने अशीच आक्रसत गेली.

चौथे कारण सर्वांत जिव्हारी लागणारे आहे. वार्ताहराची जागा प्रसिद्धिपत्रकाने घेतली. आज तालुक्याच्या मैदानी स्पर्धेची बातमी मुळीच येत नाही असे नव्हे, ती येते. तीत उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, व्यासपीठावर कोण कोण होते, स्वागत कोणी केले आणि आभार कोणी मानले, हे क्रमवार असते. दीप उजळतानाचे छायाचित्र असते. मुलांनी खेळाकडे वळावे असा उपदेश असतो. केवळ धावलेल्या मुलांची नावे नसतात, आणि नावे असली तरी वेळ नसते. ज्या बातमीतून शर्यतच गळून पडली आहे, तिला स्पर्धेची बातमी कशी म्हणावे?

संपादकाची बाजूही ऐकली पाहिजे. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट असतात. मुले आणि मुली धरून सहा. प्रत्येक गटात बारा प्रकार आणि प्रत्येक प्रकारात तीन विजेते धरले, तर एका तालुक्याची २१६ नावे होतात. गोव्याच्या बारा तालुक्यांची मिळून अडीच हजारांहून अधिक. एवढी नावे कोठे छापावी, हा प्रश्न खोटा नाही. पूर्वी शाळा कमी होत्या आणि मुलींच्या स्पर्धाही थोड्या. तथापि सर्व नावे छापता येत नाहीत म्हणून एकही वेळ छापू नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्रत्येक प्रकारातील सर्वोत्तम कामगिरी तालुक्यासह दिली, तर सहा गटांच्या बारा प्रकारांना ७२ ओळी पुरतात. वर्षातून एका दिवशी दोन रकाने, एवढीच ती मागणी होते.

दुसरा आक्षेप असा, की आता सर्व निकाल संगणकाच्या जाळ्यावर मिळतात; मग छापील ओळीचे काय अडले? राष्ट्रीय आणि जागतिक स्पर्धांपुरते हे खरे आहे. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथे तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पार करून रौप्यपदक मिळविले, हे जगाच्या पाठीवर कोणालाही घरबसल्या कळते. परंतु तालुक्याची वेळ तेथे क्वचितच पोहोचते. आणि पोहोचली तरी ती कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर छायाचित्र म्हणून येते आणि दोन-तीन महिन्यांत पुसली जाते. शिडीचे वरचे टोक लख्ख उजेडात आहे. खालच्या पायऱ्या अंधारात आहेत. नीरज चोप्रा यांनी २०२१ च्या ७ ऑगस्टला टोकियो येथे ८७.५८ मीटर भाला फेकला, तेव्हा तो आकडा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकला. पहिल्या पानावर पदक मिळते. आतल्या पानावर निकाल मिळत नाही. वास्तविक आतल्या पानावरूनच पहिल्या पानाकडे वाट जाते.

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. बांबोळीच्या मैदानावर देशातील उत्तमोत्तम धावपटू धावले, आणि ते पंधरा दिवस क्रीडापाने भरून वाहिली. गोव्यापाशी आता कृत्रिम धावपट्टी आहे, सेकंदाचा शतांश मोजणारी यंत्रे आहेत. पूर्वी फक्कीचे पट्टे आणि हातघड्याळ होते. परंतु जे मोजले ते छापले जात होते. आज मोजण्याची साधने उत्तम झाली आहेत, आणि मोजलेले ठेवण्याची सवय मात्र गेली आहे.

पणजीच्या पाटो भागात राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात गोव्यातील जुन्या वर्तमानपत्रांचे अंक जपून ठेवलेले आहेत. तालुक्याच्या शर्यतीचा निकाल ज्या दिवशी छापला गेला, त्या दिवसाचा अंक उघडला की पिवळ्या पडलेल्या पानाच्या कोपऱ्यात नाव, गाव, शाळा आणि वेळ सापडते. ते नाव धारण करणारा आज आजोबा झालेला असेल. त्याचा नातू ते पान पाहून म्हणू शकतो, की आजोबा माझ्यापेक्षा जलद धावत होते. परंतु आज पेडणे किंवा डिचोली येथे तेवढ्याच वेगाने धावणाऱ्या मुलीच्या नातवाला असे पान सापडणार नाही. त्याला उद्घाटकाचे नाव सापडेल.

उपाय अवघड नाही, आणि त्यासाठी कोणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येक शाळेने क्रीडादिनाच्या निकालांची एक बांधीव वही ठेवावी, तीत वेळ आणि अंतर शाईने लिहावे, आणि ती वही शाळेच्या दप्तरात हजेरीपटाइतक्याच काळजीने जपावी. तालुक्याच्या आयोजकांनी प्रसिद्धिपत्रकात पाहुण्यांच्या आधी विजेते लिहावेत. आणि वर्तमानपत्रांनी वर्षातून एकदा त्या ७२ ओळींना जागा द्यावी. ज्या घरी वर्तमानपत्र येते त्या घरात त्या दिवशी ते पान कापून ठेवले जाईल, एवढे खचित सांगता येते.